११० मुली आणि एक आकडा

लहान मुलांचा कोरस आला की मी सावध होतो. आधीच दुःखाचा विषय, त्यात कोवळे आवाज, म्हणजे रडायची सोय झालीच. शाळेच्या स्नेहसंमेलनात समूहगीताच्या मागच्या रांगेत मी नुसते ओठ हलवायचो, तरी पालक डोळे पुसायचे. त्यामुळे ज्युलिया वुल्फचं 'फायर इन माय माउथ' हेडफोनवर लावलं तेव्हा जरा संशय घेऊनच बसलो होतो.

विषय असा. २५ मार्च १९११ ला न्यूयॉर्कमध्ये बायकांचे ब्लाउज शिवणाऱ्या ट्रायँगल शर्टवेस्ट कारखान्याला आग लागली. कारखाना आठव्या ते दहाव्या मजल्यावर, आणि नवव्या मजल्यावरचं एका जिन्याचं दार कुलूपबंद. १४६ जीव गेले. कितीतरी जणींनी खिडकीतून उड्या टाकल्या. बहुतेक ज्यू आणि इटालियन स्थलांतरित मुली. सगळ्यांत लहान दोघी १४ वर्षांच्या.

जानेवारी २०१९ मध्ये न्यूयॉर्क फिलहार्मोनिकने याप व्हान झ्वेडेनच्या हाताखाली या रचनेचा पहिला प्रयोग केला. गायला 'द क्रॉसिंग'च्या ३६ स्त्रिया आणि 'यंग पीपल्स कोरस ऑफ न्यूयॉर्क सिटी'च्या ११० मुली. बेरीज करून बघा.

दिवसभर स्क्रीनवर आकडे बघणाऱ्या माणसाला ही बेरीज लागते. डॅशबोर्डवरचा १४६ मला काहीच सांगत नाही. तेवढ्या जणी एका सभागृहात श्वास घेत उभ्या राहिल्या की सांगतो. पण इथेच माझी एक तक्रारही आहे. मृतांमध्ये २३ पुरुष होते. त्यांच्या वाट्याचं गाणंही मुलींच्याच गळ्यात गेलंय. हा नुसता हिशेब नाही, वुल्फने घेतलेली बाजू आहे. तिला आगीइतकीच १९०९ च्या संपाची गोष्ट सांगायचीय. तो संप पेटवणाऱ्या क्लारा लेमलिकच्याच शब्दांवरून हे शीर्षक आलंय. बाजू मला पटते. फक्त, आकडा इतका चपखल बसला की तो पुरावा वाटायला लागतो, हे विसरू नये.

रचनेचे चार भाग आहेत: स्थलांतर, कारखाना, निषेध, आग. 'कारखाना'त ऑर्केस्ट्रा शिलाई मशीनसारखा घरघरतो आणि त्या घरघरीत एक यिडिश आणि एक इटालियन लोकगीत एकमेकांत शिरतं. कात्र्यासुद्धा वाद्य म्हणून वाजतात. 'स्थलांतर' मला तुलनेने ओळखीचं, थोडं लांबलेलं वाटलं.

मुली येतात त्या 'निषेधा'त, आणि माझा संशय तिथे गळाला. जॉन अॅडम्सने ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर लिहिलेल्या 'ऑन द ट्रान्समायग्रेशन ऑफ सोल्स'मध्येही (२००२, ऑर्केस्ट्रा हाच) ब्रुकलिन यूथ कोरस होता. ती रचना मला आवडते, पण तिथली मुलं वरून, दुरून गातात असं वाटतं, जणू देवदूतच. वुल्फच्या मुली देवदूत नाहीत. त्यांचा आवाज सरळ, कडक, थोडा उद्धटसुद्धा आहे. कीव करून घ्यायला त्या आलेल्याच नाहीत, मागायला आल्यात. आणि त्यातल्या कितीतरी जणींचं वय मेलेल्या मुलींच्या वयाच्या आसपासचं. कारखान्यात काम करायला हे वय पुरे मानलं जायचं, हे सांगायला वेगळी ओळ लिहावी लागत नाही.

शेवटी 'आग'मध्ये १४६ नावं गायली जातात. हेडफोनवर ती मला धरून ठेवता येत नाहीत. एक लक्षात येईपर्यंत पुढची आलेली असतात. आधी मला हा दोष वाटला. नावं ऐकूच येणार नसतील तर गायची कशाला? अजून पूर्ण उत्तर सापडलेलं नाही. दुसऱ्यांदा ऐकताना मी त्या दोघी १४ वर्षांच्या मुलींची नावं शोधायची ठरवली, केट लिओने आणि रोझारिया माल्टेसे. हुकली. स्लायडर मागे ओढला, डोळे मिटले, परत ऐकलं. केट सापडली असं वाटतं. रोझारियासाठी अजून एकदा मागे गेलो.