नाद आधी, नाव नंतर

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी सातवीतील एक मुलगी आमच्या धर्मग्रामाच्या ओसरीवर बसून घोकीत होती. ओवीचे पहिले तीन चरण सयमक, चौथा चरण आखूड, अक्षरसंख्येचे बंधन नाही. व्याख्या बिनचूक होती. आम्ही सहज विचारले, "तुझी आजी जात्यावर ओव्या म्हणत असे ना?" ती हसली आणि म्हणाली, "त्या ओव्या नाहीत, फादर. ती आजीची गाणी. ओवी पुस्तकात असते."

या उत्तराने आम्ही अस्वस्थ झालो. मुलीला व्याख्येचे पूर्ण गुण मिळाले असतील. पण त्या व्याख्येने तिच्या घरातील ठेव तिच्या नकळत परकी करून टाकली होती. उच्च प्राथमिक शाळेत, सहावी ते आठवीच्या वर्गांत, आपण मुलांना काव्यप्रकार, वृत्ते आणि अलंकार ज्या रीतीने शिकवतो, तिचे परीक्षण करण्याची निकड आम्हांस तेव्हापासून वाटू लागली.

प्रथम त्या मुलीच्या आजीची बाजू मांडू. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात, महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, अशी नोंद आहे. 'ज्ञानेश्वरी' त्यानंतरची, शके 1212 म्हणजे इ.स. 1290 मधील. म्हणजे ओवी आधी उखळाजवळ होती, ग्रंथात ती मागाहून आली. ज्ञानदेवांनी तिला तत्त्वज्ञान पेलण्याचे बळ दिले. पण ती त्यांना मिळाली लोकांच्या मुखातून. मार्गदर्शक पुस्तकांतील व्याख्या त्या ग्रांथिक ओवीची आहे. जात्यावरची ओवी अनेकदा दोनच ओळींत आटोपते, म्हणून ती व्याख्येत बसत नाही, आणि जे व्याख्येत बसत नाही ते साहित्य नव्हे असा बोध मूल आपल्या मनाशी घेते. दोष मुलाचा नाही. आपण लेकीची ओळख करून दिली आणि आईचे नावही घेतले नाही.

हे गंगापुरात घडावे याचे दुःख अधिक. येथून दक्षिणेस गोदावरी ओलांडली की नेवासे तालुका लागतो, आणि 'ज्ञानेश्वरी' नेवाशासच सांगितली गेली. नदीच्या खालच्या अंगाला एकनाथांचे पैठण. शेजारच्या जालना जिल्ह्यात रामदासांचे जन्मगाव जांब. ज्या छंदांची नावे आपली मुले घोकतात, ते याच मुलखात नांदले आहेत.

आमच्या ख्रिस्ती परंपरेतही याचा एक बोलका दाखला आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडात जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरू 1579 मध्ये गोव्यात आले आणि त्यांनी 'ख्रिस्तपुराण' रचले. लॅटिन काव्यरचनेचे संस्कार घेऊन आलेल्या या विद्वानाने ओवीच निवडली, तीही थोडीथोडकी नव्हे, सुमारे 11 हजार ओव्यांची. 1616 मध्ये ते राशोल येथे छापले गेले, ते रोमन लिपीत. लिपी परकी होती, कवी परका होता. तरी ओवी परकी झाली नाही, कारण छंदाचे घर कानात असते, कागदावर नसते. चार शतकांपूर्वी एका परदेशी धर्मगुरूला जे उमगले, ते आपल्या वर्गखोल्यांत विसरले जावे, हे आम्हांस खटकते.

मग पारिभाषिक शब्द शिकवूच नयेत काय? काही सहृदय मंडळी तसे म्हणतात. आम्हांस ते मान्य नाही. एक उदाहरण देतो. आमच्या भागात शेततळी झाली आहेत. 'शेततळे आभाळासारखे निळे आहे' असे म्हटले तर ती उपमा. दोन वस्तू शेजारी उभ्या आहेत, पण वेगळ्या. 'शेततळे म्हणजे जणू जमिनीवर उतरलेले आभाळच' असे म्हटले तर ती उत्प्रेक्षा. मनाने एक झेप घेतली आहे, पण 'जणू' म्हणून पाय जमिनीवर ठेवला आहे. 'आमचे शेततळे हे आभाळच आहे' असे म्हटले तर ते रूपक. आता भेद उरलेला नाही. पाण्याची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याची श्रद्धा या तीन वाक्यांत पायरीपायरीने वाढत गेली आहे. ती वाढ ज्याला ओळखता आली त्याला अलंकार समजले. ज्याने 'जणू' दिसताच 'उत्प्रेक्षा' लिहिले, त्याला गुण मिळाले, इतकेच. संज्ञा हे पाहण्याचे साधन आहे. ते मुलांपासून काढून घेणे हाही अन्यायच. कारण श्रीमंतांची मुले ते कोठूनही मिळवतील, आमच्या वस्तीवरील मुलांना शाळेवाचून दुसरे दार नाही.

प्रश्न क्रमाचा आहे. आम्ही एकदा सुटीच्या वर्गात भुजंगप्रयात वृत्त घेतले. फळ्यावर काहीच लिहिले नाही. रामदासांचे मनाचे श्लोक बहुतेक मुलांच्या कानावरून गेलेले होते. त्याच चालीवर टाळ्या धरल्या : एक हलकी, दोन जड, असे चार वेळा. थोड्या वेळाने सहावीतील एक मुलगा उठला आणि म्हणाला, "नदीच्या किनारी उभी गाय काळी." वर्ग हसला. आम्ही मात्र अक्षरे मोजली. बारा भरली. लघु, गुरू, गुरू, असा 'य' गण चारही वेळा जागेवर होता. शेवटचा गण तर 'गाय' शब्दाच्या मधूनच सुरू होत होता, आणि गण शब्दाच्या सीमा पाळत नाही हा नियम त्याने न शिकताच सिद्ध केला होता. त्यानंतर आम्ही फळ्यावर वृत्ताचे नाव लिहिले. ते नाव कोणालाही घोकावे लागले नाही.

शिक्षकांवर आमचा रोष नाही. पोर्शन मोठा, वर्ग मोठे, आणि प्रश्नपत्रिकेत 'वृत्त ओळखा', 'अलंकार ओळखा' एवढेच विचारले जाते. तरीही आठवड्यातील एक तास पुस्तक मिटून घेता येईल. मुलांना सांगावे, घरातून एक ओवी, एक अभंग, एखादे पाळणागीत ऐकून या. मग ते वर्गात म्हणावे, त्याची अक्षरे मोजावीत, यमक शोधावे. मोठ्या अभंगाची सहा, सहा, सहा, चार ही अक्षरसंख्या मग टाळांतूनच कळेल. नाव सर्वांत शेवटी द्यावे, जसे बाळ जन्मल्यावर त्याचे नाव ठेवतात.

त्या मुलीला आम्ही त्या संध्याकाळी एवढेच म्हणालो, "परीक्षा झाली की आजीचे एक गाणे वहीत लिहून आण, आणि वर 'ओवी' असे लिही." तिने आणले. आजीचा आवाज आता थकला आहे आणि जाते परसात उलटे पडून आहे. वहीच्या त्या पानावर दोनच ओळी होत्या. तिसरी आजीला आठवत नव्हती. आपण सगळे मिळून किती उशीर करीत आहोत, हे आम्हांस त्या रिकाम्या जागेने सांगितले.