लगीन कोणाचं, दोर कोणाचे?

मागच्या वर्षी चुलत बहिणीच्या लग्नासाठी पाच दिवसांची रजा मागितली. त्याच आठवड्यात आमचं रिलीज होतं. मॅनेजर हसून म्हणाला, "अरे, आधी लगीन कोंढाण्याचं!" कॉलवरचे सगळे हसले. मीही हसलो. पाचाचे दोन दिवस झाले.

माझं गाव पोलादपूर तालुक्यात. ज्यांच्या तोंडी हे वाक्य आहे त्या तानाजी मालुसऱ्यांचं उमरठ याच तालुक्यात आहे. त्यांची समाधीही तिथेच. शाळेची सहल तिथे गेली होती, त्यामुळे हे वाक्य मला घरचंच वाटतं. मग त्या दिवशी ते परक्यासारखं का बोचलं?

उत्तर शोधायला नेहमीच्या ठिकाणी गेलो. 'या म्हणीमागची गोष्ट माहीत आहे का?' असे फॉरवर्ड आणि रील आपल्या सगळ्यांकडे येतात. मराठी म्हणींचे येतात, इंग्रजी इडियम्सचेही येतात. साचा एकच असतो: एक प्रसंग, एक वीर, शेवटी बोध. माझी तक्रार या साच्याबद्दल आहे. त्यात कधी आणि कुठे हे सांगतात, पण कोण कोणाला म्हणालं हे कोणी थांबून बघत नाही. वाक्प्रचाराचा अर्थ तर निम्मा तिथेच असतो.

एकट्या कोंढाण्याच्या लढाईने मराठीला रोजच्या वापरातले तीन वाक्प्रचार दिले. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्रीची ही लढाई. तिचं जुनं वर्णन सभासदाच्या बखरीत आहे. ती राजाराम महाराजांच्या काळात, घटनेनंतर साधारण पाव शतकाने जिंजीला लिहिली गेली. त्या त्रोटक वर्णनात रायबाचं लग्न नाही, घोरपडही नाही. लग्न येतं ते तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यात. म्हणजे 'आधी लगीन' हे शाहिराने तानाजींच्या तोंडी घातलेलं असू शकतं. तरी शाहिराची समज पक्की आहे. लग्न तानाजींच्या स्वतःच्या मुलाचं आहे, निमंत्रण घेऊन तेच गेले आहेत आणि ते पुढे ढकलणारेही तेच आहेत. महाराज त्यांना 'आधी लगीन कोंढाण्याचं' असं सांगत नाहीत. सांगितलं असतं, तर तो नुसता हुकूम झाला असता आणि कोणी साडेतीनशे वर्षं लक्षात ठेवला नसता.

दुसरा वाक्प्रचार 'गड आला पण सिंह गेला'. सभासदाकडे महाराजांच्या शोकात सिंह नाही. एक गड मिळाला आणि एक गड गमावला, असा त्या बोलण्याचा भाव आहे. माणूस हाच गड. सिंह नंतर आला. तानाजींमुळे कोंढाण्याचं नाव सिंहगड पडलं, असं आपण शिकतो. पण महाराजांच्या १६६३ च्या एका पत्रात 'सिंहगड' हे नाव आधीच आहे. तेव्हा गडाच्या नावातलाच सिंह पुढे तानाजींना चिकटला, असं मला वाटतं. हरिभाऊ आपट्यांनी १९०३ च्या कादंबरीला हेच नाव दिलं. तिच्यावरून बाबूराव पेंटरांनी १९२३ मध्ये आणि व्ही. शांताराम यांनी १९३३ मध्ये 'सिंहगड' चित्रपट केले. हे शब्द घरोघरी पक्के होण्यात त्या कादंबरीचा वाटा मोठा असणार. नाव टाळीचं आहे, यात वाद नाही. पण मला सभासदाचं साधं वाक्य जास्त लागतं, कारण त्यात यमक जुळवण्याइतकी सवड नाही. आज पक्ष जिंकला आणि नेता पडला की हाच मथळा तयार असतो. मथळा देणाऱ्याचं मात्र त्यात काहीच गेलेलं नसतं.

तिसरा, 'परतीचे दोर कापणे'. ग्रँट डफच्या १८२६ च्या इतिहासात सूर्याजी मालुसरे माघार घेणाऱ्या मावळ्यांना दोर तोडल्याचं सांगतात. इंग्रजीत याला जोड म्हणून 'बर्निंग द बोट्स' देतात आणि कोर्तेसचं नाव घेतात. १५१९ मध्ये मेक्सिकोच्या किनाऱ्यावर त्याने जहाजं जाळली नव्हती, निकामी केली होती. तपशील वेगळा असला तरी दोन्हीकडे एक गोष्ट सारखी आहे: दोर तोडले म्हणणारा स्वतःही कड्याच्या वरच आहे. नोकरी सोडा, परतीचे दोर कापा, असं स्टेजवरून सांगणारा मात्र खाली उभा असतो. व्याख्यान संपलं की तो गाडीत बसून घरी जातो.

तिन्ही वाक्यं ज्याचं जातंय त्याच्या तोंडची आहेत. आपण ती दुसऱ्याचं जाताना वापरतो. भाषा बदलते, हे मला मान्य आहे. म्हणी गाव सोडून फिरतात म्हणूनच टिकतात. उमरठची म्हण पुण्याच्या ऑफिसात पोचली याचा मला आनंदच आहे. पण म्हण फिरताना बोलणारा बदलला, तर त्यागाची भाषा वसुलीची होते. ऐकणाऱ्याला नाहीही म्हणता येत नाही, कारण समोर मॅनेजर नसतो, इतिहास असतो. त्या कॉलवर मी का हसलो, ते मला इथे कळलं.

तेव्हा पुढच्या वेळी एखादी म्हण अंगावर आली, तर उगम नंतर शोधा. आधी एवढंच विचारा: लगीन कोणाचं आहे?

आमचं रिलीज शेवटी आठवडाभर पुढे गेलं. बहिणीचं लग्न ठरल्या मुहूर्तावर लागलं. हळदीच्या फोटोंत मी नाही.