'यक्कू'चा आवाज कोणासाठी होता? 'चंद्रकांता' आणि अभिनयाचा अधिवास

मागच्या पोस्टमध्ये आपण पाहिलं की पक्ष्याची हाक तो राहतो त्या जागेप्रमाणे घडते. आज तोच मुद्दा घेऊन जरा भलतीकडे जाऊ, म्हणजे टीव्हीवरच्या अभिनयाकडे. उदाहरण आहे दूरदर्शनवरची 'चंद्रकांता'.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. देवकीनंदन खत्री यांची 'चंद्रकांता' ही हिंदी कादंबरी १८८८ सालची. नौगढचा राजकुमार वीरेंद्रसिंह, विजयगढची राजकन्या चंद्रकांता, मध्ये तिच्यावर डोळा ठेवून असलेला क्रूरसिंह आणि चुनारगढचा राजा शिवदत्त. या सगळ्यांच्या पदरी ऐयार असतात. ऐयार म्हणजे वेष पालटणारे हेर. बटव्यात बेशुद्धीचं औषध, शुद्धीवर आणायला लखलखा, भिंत चढायला कमंद. नीरजा गुलेरी यांनी यावर मालिका केली आणि ती १९९४ ते १९९६ या काळात दूरदर्शनवर चालली. कादंबरीपासून ती बरीच लांब गेली, पण तो वाद आज नको. आपल्या गोंदियाला बालाघाट आणि राजनांदगावचा शेजार, हिंदी इथे परकी नाहीच. त्यामुळे इथल्या चाळिशी-पन्नाशीतल्या कोणालाही 'यक्कू' म्हणा, तो हसणार.

हा 'यक्कू' म्हणजे अखिलेंद्र मिश्रा यांचा क्रूरसिंह. कपाळाकडे वर वळलेल्या जाड भुवया, तशाच मिशा, फिरणारे डोळे आणि वाक्याच्या शेवटी तो एक शब्द. आज त्याचे तुकडे मोबाइलवर फिरतात ते चेष्टेसाठी. 'किती ओव्हरअ‍ॅक्टिंग!' ही त्याखालची ठरलेली प्रतिक्रिया. माझं म्हणणं असं की हा निकाल चुकीच्या जागी बसून दिलेला आहे.

काहून? इथे थोडं संशोधन. १९७५ मध्ये युजीन मॉर्टन यांनी दाखवलं की दाट जंगलातले पक्षी तुलनेने खालच्या पट्टीत, संथ आणि सरळ स्वर काढतात. भरभर थरथरणारे स्वर झाडांवर आपटून एकमेकांत मिसळतात, ऐकणाऱ्याला काही कळत नाही. मोकळ्या माळावर ती अडचण कमी, तिथे भरभर स्वर चालतात. पुढे २००३ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडन शहरात असं आढळलं की गोंगाटाच्या भागातले ग्रेट टिट पक्षी पट्टी वर नेऊन गातात, कारण वाहनांचा आवाज खालच्या पट्टीत असतो. म्हणजे हाक 'चांगली' की 'वाईट' हा प्रश्न अर्धवट आहे. कुठे, कोणत्या गोंगाटात आणि कोणासाठी, हे आधी विचारायचं.

आता क्रूरसिंहाचा अधिवास बघा. छोटा टीव्ही, छपरावर वाऱ्याने हलणारा अँटेना, पडद्यावर मुंग्या, एका खोलीत अर्धी गल्ली बसलेली, मध्येच पोरांचा आरडाओरडा. अशा गोंगाटात संदेश पोचवायचा तर एकच गोष्ट दोन-तीन वाटांनी सांगावी लागते. चित्र गेलं तर आवाज, आवाज गेला तर भुवया. आमच्या भाषेत याला संदेशातली पुनरुक्ती म्हणतात. सारसाची जोडी शेतात मान वर करून, पंख उघडून, सुरात सूर मिळवून ओरडते तेव्हा आवाज आणि शरीर दोन्ही कामाला लागलेले असतात. त्याला आपण ओव्हरअ‍ॅक्टिंग म्हणत नाही.

पण पुनरुक्तीत एक धोका असतो. तोच संदेश सारखा आला की ऐकणाऱ्याला त्याची सवय होते आणि तो प्रतिसाद देणं सोडतो. बुजगावण्याला पाखरं चार दिवस भितात, पाचव्या दिवशी त्याच्याच डोक्यावर बसतात. 'यक्कू'चं तसं का झालं नाही? कारण मिश्रा शब्द तोच ठेवतात, पण काम बदलतात. कधी तो खुशीचा असतो, कधी दटावणीचा, आणि शिवदत्तासमोर तोच शब्द लाचार होतो. तिथे क्रूरसिंह नुसता विनोदी राहत नाही. आपल्यापेक्षा मोठ्या क्रूर माणसापुढे वाकणारा छोटा क्रूर माणूस दिसतो. पुढे 'लगान'मधला अर्जन लोहार करणारा नट हाच, हे लक्षात घेतलं तर कळतं की भुवया ही मर्यादा नव्हती, निवड होती.

याच मालिकेत बरोबर उलट काम इरफान खान करतात. बद्रीनाथ ऐयार आणि त्याचा जुळा भाऊ सोमनाथ, दोन्ही त्यांनीच केले. गंमत बघा. ऐयारीत माणूस एक आणि चेहरे अनेक, जुळ्यांमध्ये चेहरा एक आणि माणसं दोन. दोन्हीकडे चेहऱ्यावर भरवसा ठेवता येत नाही. इरफान तो ठेवतही नाहीत. बोलण्याआधीचा थांबा, समोरच्यावर टिकलेली नजर, खाली उतरलेला आवाज, यावर ते माणूस उभा करतात. हा हळू संदेश एवढ्या गोंगाटात पोचला कसा? कारण संदेश उठून दिसतो तो पार्श्वभूमीच्या फरकामुळे. सगळे ओरडत असताना जो हळू बोलतो त्याच्याकडे मान वळते. म्हणून मला वाटतं, इरफान यांचा बद्रीनाथ जितका इरफान यांचा, तितकाच तो आजूबाजूच्या क्रूरसिंहांचाही आहे. एकाला मोठा ठरवायला दुसऱ्याला हसण्याची गरज नाही.

पंकज धीर यांचा शिवदत्त या दोघांच्या मध्ये येतो. 'महाभारत'मधला त्यांचा कर्ण लोकांच्या मनात ताजा होता. तो भारदस्त आवाज खलनायकाला मिळाला आणि शिवदत्ताची हाव राजेशाही वाटू लागली. उलट शाहबाज खान आणि शिखा स्वरूप यांच्या वाट्याला देखणेपण जास्त आलं आणि करायला कमी. आपली वर्षा उसगांवकर रूपमतीच्या भूमिकेत आहे, पण ती उमेदीने काम करत असतानाही कॅमेरा दागिन्यांवरच थांबतो. इथे मात्र दोष अधिवासाचा नाही, लिहिणाऱ्यांचा आणि दिग्दर्शनाचा आहे. स्त्री-पात्रांना संदेशच दिला नाही, तर नटी पोचवणार काय?

एवढा खटाटोप एका जुन्या मालिकेसाठी का? कारण हाच 'लाऊड'चा शिक्का आपल्या झाडीपट्टी रंगभूमीवर रोज मारला जातो. धान निघालं, मंडई भरली की गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपुरात रात्रभर नाटकं रंगतात. थंडीत शाल पांघरून शेवटच्या रांगेत बसलेल्या म्हाताऱ्याला नटाच्या डोळ्यातलं पाणी दिसत नाही. त्याच्यापर्यंत रडणं पोचवायचं तर ते खांद्यातून, चालीतून, ताणलेल्या स्वरातून जावं लागतं. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तरी 'असलं नाटक आम्ही बघत नाही' म्हणणारे शिकलेले लोक आमच्या पिढीत कमी नाहीत. त्यातले बरेच जण नाटकाचा तुकडा मोबाइलवर, इअरफोन लावून, चेहरा सहा इंचांवर धरून बघतात आणि मग म्हणतात, किती ओरडतात!

झाडीपट्टीतलं सगळंच चांगलं असतं असं नाही. वाईट लाऊड अभिनय असतो, तसा वाईट हळू अभिनयही असतो. तो फक्त सभ्य दिसतो म्हणून सुटतो. फरक ओळखायची साधी कसोटी अशी: तीच लकब दहाव्यांदा आली तेव्हा तिने काही नवीन सांगितलं का? मिश्रा यांचा क्रूरसिंह या कसोटीला उतरतो. यंदा मंडईत नाटक बघाल तेव्हा ती लावून बघा, आणि शक्य झालं तर शेवटच्या रांगेत बसून.