एका एस्टिमेटचं रसग्रहण

मराठी समीक्षेनं आजवर कथा, कादंबरी, कविता, नाटक आणि एकमेकांचे समीक्षाग्रंथ या सर्वांचा भरपूर समाचार घेतला; पण दोन वाङ्मयप्रकारांकडे तिनं ढुंकूनही पाहिलेलं नाही. एक, जुन्या गाड्या विकणाऱ्या डीलरचं कोटेशन आणि दुसरा, मिस्त्रीचं एस्टिमेट. कारण उघड आहे. मोठे समीक्षक पुण्यात राहतात आणि रिक्षानं फिरतात. मी हेमलकशाला राहतो आणि भामरागडच्या एका बँकेत कारकून आहे. शिक्षण बी.कॉम.; म्हणजे साहित्याशी संबंध पासबुकापुरता. पण ज्या मजकुराच्या शेवटी रक्कम असते तो मजकूर मी गेली वीस वर्षं वाचतो आहे, आणि तो खालून वर वाचायचा असतो एवढं मला नक्की कळतं.

आधी पार्श्वभूमी सांगतो, कारण पार्श्वभूमीशिवाय समीक्षा उभी राहत नाही. हेमलकसा आणि भामरागड यांच्यामध्ये पर्लकोटा नदी आहे. पुढे पामुलगौतम आणि इंद्रावती तिला येऊन मिळतात, आणि पावसाळ्यात तिघींचं एकमत झालं की पूल पाण्याखाली जातो. मग बँकेला सुट्टी नसते, पण मला असते. 2019 च्या पावसाळ्यात तर पर्लकोटेचं पाणी भामरागडच्या बाजारपेठेत इतक्यांदा शिरलं की ते मुक्कामालाच आलंय असं वाटावं. दुसऱ्या बाजूला आलापल्ली साठेक किलोमीटर, सगळं जंगल. अहेरी आगाराची एसटी आहे, ती येते. पण आमच्या आईच्या छातीत दुखायला लागतं ते एसटीच्या वेळापत्रकाप्रमाणे दुखत नाही. इथे लोकबिरादरीचा दवाखाना आहे म्हणून निम्मा जीव शांत असतो. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे आले त्या काळात, 1973-74 साली, इथे रस्ता म्हणावा असाही काही नव्हता. त्या मानानं आम्ही राजे आहोत. पण हृदयाच्या तज्ज्ञाकडे दर तीन महिन्यांनी चंद्रपूरला जावं लागतं, आणि मागच्या खेपेला आई एसटीच्या शेवटच्या सीटवर बसून आलापल्लीपर्यंत जे काही सोसत गेली, ते पाहिल्यावर मी भविष्यनिर्वाह निधीतून उचल काढायचा अर्ज भरला. माझा अर्ज मीच इनवर्डला घेतला.

रक्कम ठरलेली होती. म्हणजे निधीनं ठरवलेली होती. तेवढ्यात नवीन गाडी येत नाही, आणि या रस्त्यांवर लहान मोटार टिकत नाही. जिला हल्ली एसयूव्ही म्हणतात आणि आमच्याकडे अजून जीपच म्हणतात, तसलंच काहीतरी हवं. एका डीलरनं सुमो सुचवली. सुमो हे नाव जपानी पैलवानावरून आलं असं त्याचं मत होतं. ते सुमंत मूळगावकरांच्या नावाच्या दोन तुकड्यांवरून आलंय, गाडी 1994 ला आली आणि 2019 ला बंद झाली, हे मी त्याला सांगितलं. बंद झालेल्या गाडीचे सुटे भाग शोधत मी आलापल्लीला हिंडायचं काय, असंही विचारलं. त्यावर तो म्हणाला, ‘‘साहेब, तुम्हाला बोलेरोच लागेल.’’ अशा रीतीनं आम्ही बोलेरोवर आलो. मजबूत सांगाडा, मागे पाट्यांची कमान, आणि कुठल्याही खेड्यात तिला खोलून बसलेला एक तरी माणूस सापडतोच.

आता मूळ संहितांकडे वळू.

पहिली संहिता नागपूरच्या एका डीलरची. गाडी 2016 ची. कोटेशन गुळगुळीत कागदावर, वर सूर्योदयाचं चित्र. शैली निव्वळ रोमँटिक. ‘फर्स्ट ओनर. डॉक्टर ड्रिव्हन. शोरूम कंडिशन. एका रुपयाचंही काम नाही.’ यातल्या डॉक्टरांवर स्वतंत्र प्रबंध व्हायला हवा. महाराष्ट्रात विकायला काढलेल्या जुन्या गाड्यांपैकी जेवढ्या डॉक्टरांच्या म्हणून सांगितल्या जातात, तेवढे डॉक्टर खरोखर असते तर आईला घेऊन मला चंद्रपूरला जावंच लागलं नसतं. शिवाय हे विशेषण शहरातच चालतं. आमच्या भागात डॉक्टरची गाडी म्हटलं तर ती रात्री-बेरात्री नाले ओलांडून पेशंटकडे गेलेली असणार. तिला नमस्कार करावा, विकत घेऊ नये.

‘शोरूम कंडिशन’मध्ये अंतर्गत विसंगती आहे. मीटरवर 48,000 किलोमीटर, पण क्लचच्या पायपट्टीचं रबर झिजून लोखंड दिसत होतं आणि स्टीअरिंग तळहातानं घासून काचेसारखं झालेलं. नायक चाळीस हजार चालला आणि पाय मात्र दोन लाखांचे! टायर काळेकुळकुळीत. पण टायरवर एक चार आकडी मजकूर असतो, तो फारसं कुणी वाचत नाही. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. इथे 2316 होतं, म्हणजे 2016 सालचा तेविसावा आठवडा. टायर गाडीइतकेच जुने, वरचा काळेपणा पॉलिशचा. आणखी एक. आम्ही पोचलो तेव्हा बॉनेट गरम होतं. गाडी थंड असताना कशी सुरू होते हे गिऱ्हाइकाला कळू नये म्हणून कुणीतरी ती आधीच चालू करून ठेवली होती. रोमँटिक लेखक नायिकेला झोपेतून उठताना कधी दाखवत नाहीत, तसंच हे.

कोटेशनचा उत्तरार्ध मात्र माझ्या प्रांतातला होता. किंमत 5,25,000. आरटीओ 12,000. हाताळणी 8,500. वॉरंटी 15,000. आणि शेवटी, किमतीवर 18 टक्के जीएसटी! मी चष्मा पुसला. रजिस्टर्ड डीलर जुनी गाडी विकतो तेव्हा हा कर त्याच्या खरेदी-विक्रीतल्या फरकावर लागतो, सबंध किमतीवर नव्हे. 2025 च्या जानेवारीपासून सगळ्याच जुन्या गाड्यांना 18 टक्के दर झाला, पण तोही नफ्यावरच. तेव्हा मी विचारलं, ‘‘तुमचा नफा किती यात?’’

‘‘नफा कसला साहेब? तुम्ही आपली माणसं म्हणून नुकसानीत देतोय.’’

‘‘मग कर कशावर?’’

बराच वेळ पंख्याचा आवाज ऐकू आला. मग त्यानं पेन घेऊन ती ओळ खोडली. माझ्या समीक्षेचा लेखकावर तत्काळ परिणाम झालेला हा एकमेव प्रसंग. बेरीज उरली 5,60,500.

‘हाताळणी’ म्हणजे काय, हे विचारायचं धाडस मात्र झालं नाही. त्यानं गाडीला हात लावलेला मी पाहिला नव्हता. वॉरंटी तीन महिन्यांची, इंजिन आणि गिअरबॉक्सची, आणि ती नागपुरात गाडी आणून दिल्यास. बंद पडलेली गाडी हेमलकशाहून नागपूरला चालवत न्यायची. हा भाग मी अद्भुतरसात टाकतो.

दुसरी संहिता चंद्रपूरच्या एका वाहनबाजारातली. गाडी 2015 ची. कोटेशन वहीच्या पानावर, एकाच ओळीत: ‘4,10,000. जशी आहे तशी.’ इतकी अल्पाक्षरी शैली हल्ली क्वचितच आढळते. पण ‘जशी आहे तशी’ यातलं ‘जशी’ म्हणजे कशी, याचा उलगडा मूळ लेखक करत नाही. त्यासाठी भाष्यकार लागतो. भाष्यकार म्हणून मी आलापल्लीहून एका मिस्त्रीला सोबत नेलं. त्यांनी गाडीच्या खाली पाठ टेकली आणि वीस मिनिटं नुसते पायच दिसत होते. मग इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण काढलं, धूर उसळतो का पाहिलं, रेडिएटरमध्ये बोट घालून तेलकटपणा चाचपला. सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून काढला आणि पायाखालची चटई उचलली. कशाला म्हणून विचारलं, तर म्हणाले, ‘‘पुराची माती पाहतो ना जी. गाडी धुतेत, पट्टा कोनी धूत नायी.’’ पर्लकोटेच्या काठी राहून मला हे ठाऊक नव्हतं.

‘‘इंजन मस्त हाये साहेब. बाकी गाडी थकली.’’ एवढं बोलून त्यांनी माझ्याच पेनानं एस्टिमेट लिहिलं. ते जसंच्या तसं देतो:

टायर पाच नग 30,000. क्लच सेट 11,500. पाटे, बुश, शॉकअप 14,000. बॅटरी 6,500. इंजेक्टर (उघडल्यावर कळेल) 18,000. खालचा पत्रा वेल्डिंग 7,000. मजुरी 12,000. इतर 5,000.

एकूण 1,04,000.

वाचकहो, वास्तववाद वास्तववाद म्हणतात तो हाच. एकही विशेषण नाही. सूर्योदय नाही. प्रत्येक ओळीत एक दुःख आणि त्याची किंमत. ‘पाटे, बुश, शॉकअप’ या तीन शब्दांत आलापल्ली ते हेमलकसा हा सबंध रस्ता आलेला आहे. तरीही दोष दाखवल्याशिवाय समीक्षकाचं पोट भरत नाही, तेव्हा दोन दाखवतो. ‘उघडल्यावर कळेल’ ही रहस्यकथेची युक्ती झाली. इंजेक्टर साफ करून भागलं तर खर्च निम्म्यावर येईल, बदलावेच लागले तर अठरा हजारांत एकाचंही बारसं होईल की नाही सांगता येत नाही. आणि ‘इतर’! बँकेत ज्या पैशाचं नाव-गाव कळत नाही तो आम्ही सस्पेन्स खात्यात टाकतो. मिस्त्रींचं ‘इतर’ म्हणजे तेच. पण सस्पेन्स खातं उघडपणे सस्पेन्स म्हणवून घेतं, यात प्रामाणिकपणा आहे. नागपूरच्या कोटेशनमध्ये संपूर्ण गाडीच सस्पेन्स होती आणि तिला नाव ‘शोरूम कंडिशन’ होतं.

घरी आल्यावर मी वहीत दोन रकाने पाडले. चंद्रपूर: 4,10,000 अधिक 1,04,000, म्हणजे 5,14,000. नागपूर: 5,60,500, पण टायर तिथेही बदलायचेच, म्हणजे 5,90,500. फरक 76,500. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. म्हणजे चंद्रपूरची 2030 पर्यंत, नागपूरची 2031 पर्यंत. त्यापुढे तपासणी करून पाच वर्षांचं नूतनीकरण. थोडक्यात, साडेशहात्तर हजार देऊन मी एक वर्ष आणि एक डॉक्टर विकत घेणार होतो.

आमच्या हेडक्लार्कसाहेबांचं म्हणणं वेगळं. ते सी.ए.च्या पहिल्या परीक्षेला तीनदा बसलेले आहेत, त्यामुळे त्यांच्या मताला वजन आहे. ते म्हणाले, ‘‘घटत्या शिलकेनं घसारा काढ. पंधरा टक्के. समजा नवी आठ लाखांची होती, तर दहा वर्षांनी पुस्तकी किंमत दीड लाखाच्या थोडी वर. त्याला चार लाख दहा कसले देतोस?’’ हिशोब बिनचूक होता. पण पुस्तकी किमतीला गाडी विकणारा माणूस फक्त पुस्तकात भेटतो. विमा कंपनीचं तरी काय? पहिल्या सहा महिन्यांत 5 टक्के घट, वर्षापर्यंत 15, मग 20, 30, 40, आणि पाचव्या वर्षअखेरपर्यंत 50. त्यानंतर कोष्टक संपतं, आणि किंमत दोन्ही पक्षांच्या संमतीनं ठरते. लग्नात जे पहिल्याच दिवशी होतं ते मोटारीच्या बाबतीत पाच वर्षांनी होतं.

आमच्या सौभाग्यवतींनी दोन्ही कागद वाचले. नागपूरच्या कागदाचा सूर्योदय त्यांना आवडला. पण नंतर त्या म्हणाल्या, ‘‘पेरमिलीच्या पुढे रात्री बंद पडली तर यातला कोण येईल?’’ मी चारशे शब्दांत जे मांडत होतो ते बाईंनी एका वाक्यात संपवलं. नागपूरचा डीलर येणार नाही, हे त्याच्या वॉरंटीतच लिहिलेलं होतं. मिस्त्री येतील की नाही हे एस्टिमेटमध्ये लिहिलेलं नव्हतं. पण खाली त्यांनी स्वतःहून मोबाइल नंबर लिहिला होता, आणि त्यापुढे ‘रात्री पन’.

मग कागदपत्रं. फॉर्म 29, फॉर्म 30. आधीचं कर्ज फिटलेलं, पण बोजा आरसी बुकावर तसाच. त्यासाठी फॉर्म 35 आणि त्या बँकेचा दाखला. हा दाखला द्यायला बँका किती दिवस लावतात यावर मी या पगारावर काही बोलू शकत नाही. विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्यायचा, आणि आधीच्या मालकाचा नो-क्लेम बोनस त्याच्याबरोबर जातो, गाडीबरोबर येत नाही. दुसऱ्याचं पुण्य आपल्या खात्यात वळतं होत नसतं, हे विमा कंपनीलाही मान्य आहे.

गाडी आलापल्लीला मिस्त्रींच्या शेडमध्ये नेऊन लावली. इंजेक्टर उघडले. दोन साफ करून भागलं, बाकीचे बदलले. खर्च 18,000 च्या जागी 21,300. रहस्यकथेचा शेवट लेखकालाही आधी माहीत नसतो, तेव्हा मी तक्रार केली नाही. ‘इतर’मधून 1,700 परत आले. सस्पेन्स खात्यातून पैसे परत आलेले मी नोकरीतसुद्धा फार वेळा पाहिलेले नाहीत.

पहिल्या फेरीला आईला घेऊन आलापल्लीला गेलो, गाडी नेमकी कशी झालीय ते मिस्त्रींना दाखवायला. आई खाली उभी राहून बराच वेळ गाडीकडे पाहत होती.

‘‘चांगली आहे. पण चढायचं कसं हिच्यात?’’

सूर्योदय, डॉक्टर, घसारा, पुस्तकी किंमत, दोन कोटेशनं आणि एक एस्टिमेट. यात कुठेही आईचे गुडघे आलेले नव्हते. मिस्त्रींनी हातातला पाना खाली ठेवला, आईच्या पायाकडे पाहिलं, गाडीच्या दाराकडे पाहिलं, आणि शेडच्या कोपऱ्यातून एक लोखंडी पट्टी शोधून आणली.

‘‘बसा मावशी पाच मिनिटं. पायरी लावून देतो.’’

मी खिशातून एस्टिमेट काढून विचारलं, ही कुठे लिहायची?

‘‘मजुरीत धरा ना साहेब,’’ ते म्हणाले आणि वेल्डिंगचा चष्मा डोळ्यांवर ओढला.