नाव आणि दुःख : 'स्पायडर-वुमन'ची रूपे

धार जिल्ह्यातील बाग येथे चौथ्या लेण्याच्या ओसरीतील भिंतीवर दोन स्त्रियांचे एक चित्र रेखाटलेले होते. एकीने हाताने तोंड झाकून घेतले आहे. दुसरी तिचे सांत्वन करीत आहे. ही शोकमग्ना कोण, हे निश्चयाने कोणासही सांगता आलेले नाही. १९२१ साली नंदलाल बोस, असितकुमार हालदार, सुरेंद्रनाथ कर प्रभृती चित्रकारांनी येथील चित्रांच्या प्रतिकृती केल्या. मूळ चित्रे पुढे फार झिजली. परंतु तो शोक प्रतिकृतीतूनही आपल्यापर्यंत पोचतो. नाव लोपले, दुःख उरले.

अमेरिकन चित्रकथांतील 'स्पायडर-वुमन' या नायिकेचा प्रवास नेमका उलट दिशेने झाला आहे. (तिला मराठीत 'कोळीण' म्हणावे, तर भलतीच स्त्री डोळ्यांपुढे उभी राहते!) दुसरी एखादी संस्था याच नावाची नायिका पुढे आणील या शंकेमुळे, नावावरील हक्क राखण्याकरिता आपण ती घडविली, असे मार्व्हलच्या स्टॅन ली यांनीच सांगून ठेवले आहे. म्हणजे नाव आधी आणि स्त्री मागाहून! १९७७ मधील पहिल्या कथेत जेसिका ड्रू ही मुळात कोळ्यापासून उत्क्रांत झालेली दाखविली होती. पुढील वर्षी स्वतंत्र मालिका निघताच ती मानवकन्या ठरली. जिचा जन्मही लेखकांना सोयीप्रमाणे बदलता येतो, तिला व्यक्तित्व कोठून यावे?

१९८४ साली हेच नाव जूलिया कार्पेंटरकडे गेले. ती एका मुलीची आई; तिचे सामर्थ्य सरकारी गुप्त प्रयोगातून आलेले. मातृत्व आणि कर्तव्य यांचा संघर्ष येथे प्रथमच डोकावतो. मात्र पुष्कळदा तो साहसाच्या गर्दीत हरवतो. त्यानंतरची किशोरवयीन मॅटी फ्रँकलिन ही बहुतांशी नावाचीच वारसदार राहिली.

२०१४ हे वर्ष या दृष्टीने उद्बोधक आहे. जेसिकाच्या नव्या मालिकेसाठी मिलो मनारा यांनी काढलेल्या एका मुखपृष्ठावर देहप्रदर्शनाचा आक्षेप आला. त्याच वर्षी जेसन लाटूर व रॉबी रॉड्रिग्झ यांनी ग्वेन स्टेसीला या नावाने उभे केले. १९७३ च्या कथेत ग्वेन पुलावरून कोसळून मरण पावली होती. तिच्या मृत्यूचे प्रयोजन नायकाला दुःख देणे एवढेच होते. नव्या कथेत कोळी तिला चावतो, मरतो तो पीटर, आणि त्या मृत्यूचा भार ती वाहते. जी दुसऱ्याच्या दुःखाचे निमित्त होती, ती स्वतःच्या दुःखाची स्वामिनी झाली. याला केवळ वेशांतर म्हणता येणार नाही. मूळ कथेला दिलेले ते उत्तर आहे.

हा सारा धंद्याचा व्यवहार आहे, असा आक्षेप घेतला जाईल. तो खराही आहे. परंतु उगमावरून कलाकृतीची किंमत ठरत नाही. आपल्या जात्यावरील ओव्यांतूनही सीता अशीच पुन्हा जन्मली आहे. दळणाऱ्या बायांनी तिची कथा आपल्या परीने रचली. वनवासाचा शोकही आपला करून सांगितला. नव्या रूपाची कसोटी हीच होय. नाव पुसून टाकल्यावरही ज्या रूपात एखादी स्त्री उरते, तेच खरे. जेसिकाच्या पहिल्या कथेतून नाव काढले, तर हाती फारसे काही लागत नाही. ग्वेनचे काढले, तरी तिचा शोक, बागच्या त्या अनामिकेप्रमाणे, शिल्लक राहतो.