बल आणि कावा : निंजा-ॲनिमेतील प्रतिस्पर्ध्यांविषयी काही विचार

जपानी ॲनिमेसंबंधी विद्यापीठाच्या पत्रिकेत लिहावयाचे तर आरंभी थोडी क्षमायाचना करावी, असा एक अलिखित संकेत दिसतो. प्रस्तुत लेखकास तिची आवश्यकता वाटत नाही. विद्यार्थी वर्गाबाहेर ज्या विषयावर तासन्‌तास आणि मोठ्या अभिनिवेशाने वाद घालतात, तो वर्गात येऊ नये असे मानण्यास सबळ कारण नाही. मात्र त्या वादाची रीत तपासून पाहण्यासारखी आहे. नारुतो श्रेष्ठ की सास्के, इताची अधिक समर्थ की काकाशी, असा प्रश्न निघतो. मग प्रत्येक पात्राच्या शक्तींची यादी सादर होते आणि ज्याची यादी लांब तो श्रेष्ठ ठरतो. ही रीत कुस्तीच्या वजनगटांस शोभेल. निंजास ती लागू पडत नाही, एवढेच नव्हे तर तिच्यामुळे या कथांतील सर्वांत मोलाची गोष्ट आपल्या हातून निसटते, असे माझे मत आहे.

निंजा हा मुळात योद्धा नव्हे, हेर आहे. इगा आणि कोगा या डोंगराळ प्रदेशांतील घराण्यांनी जी विद्या जोपासली, तिचे संकलन १६७६ मधील ‘बान्सेन्शुकाई’ या ग्रंथात आढळते. आणि त्या ग्रंथाच्या मुळाशी सुन्‌ त्झूच्या युद्धशास्त्रातील हेरांविषयीचे प्रकरण आहे. ज्याचे नाव आणि कसब सर्वतोमुखी झाले, तो हेर निरुपयोगी झाला, हे उघड आहे. येथे मराठी वाचकास गनिमी काव्याची आठवण होणे स्वाभाविक असले, तरी ती तुलना फार ताणू नये. गनिमी काव्याचा आधार भूप्रदेश आणि वेग. निंजाचा आधार गुपित. दुर्बळाने बलवानाशी कसे झुंजावे हा प्रश्न दोहोंतही आहे, एवढेच साम्य.

हे तत्त्व कलाकृतीत अत्यंत शुद्ध रूपात पाहावयाचे असेल, तर ‘बासिलिस्क : कोगा निन्पोचो’ या २००५ मधील चोवीस भागांच्या मालिकेकडे वळावे. फुतारो यामादा यांची मूळ कादंबरी १९५८-५९ मधील. मासाकी सेगावा यांनी तिची चित्रकथा केली आणि त्या चित्रकथेवरून ही मालिका निर्माण झाली. कथानक १६१४ मधील आहे. तिसरा शोगुन कोणत्या नातवाने व्हावे, ताकेचियोने की कुनिचियोने, याचा निर्णय करण्यासाठी तोकुगावा इएयासू इगा आणि कोगा या दोन वैरी घराण्यांमधील युद्धबंदी उठवितो. प्रत्येक पक्षाचे दहा निंजा. त्यांची नावे एका गुंडाळीवर लिहिलेली. जो मेला त्याचे नाव खोडावयाचे. कोगाचा वारस गेन्नोसुके आणि इगाची वारस ओबोरो यांचा विवाह ठरलेला आहे, आणि त्या यादीत दोघांचीही नावे आहेत.

आता या वीस जणांना बलानुक्रमे लावण्याचा यत्न करून पाहावा. गेन्नोसुकेच्या दृष्टीचा प्रभाव असा की, त्याच्यावर घातहेतूने चालून येणाऱ्याचे शस्त्र त्याच्याच अंगावर उलटते. तेव्हा तो अजिंक्य म्हणावा. पण ओबोरोची दृष्टी पडताच कोणाचीही निंजाविद्या निष्फळ होते. तर मग ती श्रेष्ठ? परंतु ओबोरोस तलवारही धड धरता येत नाही. एखादा साधा शिपाईही तिला मारू शकेल. याकुशिजी तेन्झेन मारला तरी पुन्हा जिवंत होतो. पण त्याचे हे सामर्थ्य तरी कशात आहे? त्यास ठार केल्याच्या समजुतीने शत्रू पाठ फिरवितो, यात. रहस्य उमगले की तो केवळ एक चिवट आणि दुष्ट माणूस उरतो. आणि ओबोरोच्या दृष्टीपुढे तर तेही नाही. किसारागी साएमोन दुसऱ्याचा चेहरा आणि आवाज हुबेहूब धारण करतो. मेलेल्या याशामारूचे रूप घेऊन तो त्याच्या प्रेयसीस, होतारुबीस, ठार मारतो. येथे कोणते बल जिंकले? काहीच नाही. याशामारू मेला आहे हे तिला ठाऊक नव्हते, आणि त्यास ते ठाऊक होते.

क्रम लागत नाही याचे कारण या कथेत सामर्थ्य ही राशी नाही, तो संबंध आहे. अ ने ब ला जिंकले आणि ब ने क ला, म्हणून अ क ला जिंकेल असा निष्कर्ष येथे निघत नाही. कोणास काय ठाऊक आहे, वेळ दिवसाची की रात्रीची, यावर सर्व ठरते. कोगाचा अंध मुरोगा ह्योमा घ्या. त्याच्याही डोळ्यांत गेन्नोसुकेसारखीच शक्ती आहे, पण ती केवळ रात्री. त्यास बलाच्या यादीत कोठे ठेवावयाचे? इगा पक्षास आरंभी जो वरचष्मा मिळतो, तोही शौर्यामुळे नव्हे. युद्धबंदी उठल्याची वार्ता त्यांना आधी कळली. गेन्नोसुके ओबोरोच्या घरी पाहुणा असताना, काही ठाऊक नसलेली कोगाची माणसे एकेक मारली गेली. तिकडे शोगुनपदाचा वाद आणि इकडे या कत्तली, यांतील विसंगती मालिका कोठेही बोलून दाखवीत नाही, हे तिचे मोठेपण होय.

‘नारुतो’ची गोष्ट निराळी आहे आणि अधिक गुंतागुंतीची आहे. मासाशी किशिमोतो यांची चित्रकथा ‘शोनेन जम्प’ या साप्ताहिकात १९९९ ते २०१४ अशी पंधरा वर्षे चालली. तिचे ॲनिमे-रूप २००२ ते २०१७ या काळात, दोन मालिका मिळून ७२० भागांचे झाले. (यातील ‘चक्र’ हा शब्द पाहून आपल्याकडील वाचक योगशास्त्राकडे धावतो. तेथे त्याचा अर्थ देहाची आणि मनाची शक्ती यांचे मिश्रण, एवढाच आहे. कुंडलिनी शोधू नये.) या मालिकेचा पूर्वार्ध निंजातत्त्वाशी प्रामाणिक आहे. झाबुझाने काकाशीस पाण्याच्या गोळ्यात कोंडलेले असते. समोर उरलेली तीन मुले बलाने त्याच्या नखाचीही बरोबरी करू शकणार नाहीत. सास्के एक मोठे चक्राकार शस्त्र फेकतो. त्याच्या सावलीत दुसरे दडलेले असते. झाबुझा पहिले हाताने अडवितो, दुसरे चुकवितो, आणि ते दुसरे शस्त्र म्हणजे रूप पालटलेला नारुतो असतो. तो झाबुझाच्या पाठीमागून सुरी फेकतो. झाबुझास जखम होण्याची गरजच नाही. हात सुटला की काकाशी मुक्त झाला. मुलांनी शत्रूस हरविले नाही, त्याचा एक हात हलविला. डावाचे मर्म इतक्या थोडक्यात सांगणारा प्रसंग मला दुसरा ठाऊक नाही.

शिकामारू आणि तेमारी यांच्या सामन्यास तर आदर्श नमुना म्हणावयास हरकत नाही. शिकामारूची सावली ठराविक अंतरापर्यंतच पोहोचते. तेमारी ती मर्यादा मोजते, जमिनीवर रेघ ओढते आणि रेघेपलीकडे उभी राहते. आता मर्यादा कळली म्हणजे गुपित संपले. परंतु सूर्य कलत आहे, भिंतीची छाया लांबते आहे. शिवाय आधीच्या लढतीत नारुतोने खणलेले भुयार जमिनीत तसेच आहे. तेमारी आकाशाकडे आणि समोर पाहत असता सावली तिच्या पाठीमागच्या विवरातून वर येते. ती जखडली जाते. आणि त्या क्षणी शिकामारू हात वर करून हार पत्करतो, कारण त्याचे चक्र संपत आले आहे. परीक्षेत बढती मात्र त्या एकट्यासच मिळते. परीक्षकांनी बल मोजले नाही.

उत्तरार्धात ही दृष्टी ढळते. चौथ्या महायुद्धात डोंगराएवढ्या आकृती उभ्या राहतात, आकाशातून उल्का पडतात, आणि अखेर कागुयासारखी देवता अवतरते, जिच्यापुढे मागील सर्व पात्रे खुजी दिसतात. दोष कल्पकतेच्या दारिद्र्याचा नसून प्रकाशनपद्धतीचा आहे, असे मला वाटते. यामादांच्या गुंडाळीवर वीसच नावे होती. प्रत्येक गुपित एकदाच खर्च होत असे आणि खर्च झाले की त्याचा धनी मरत असे. साप्ताहिकाचा नायक पंधरा वर्षे जगला पाहिजे. त्याची गुपिते पहिल्या काही वर्षांत सर्वांना कळून चुकतात. मग गुपिताच्या जागी राशी येते. मोठ्याहून मोठे, त्याहून मोठे. महाभारतातही दिव्यास्त्रे आहेत, पण कर्णाची शक्ती एकदाच वापरता येते आणि ती घटोत्कचावर खर्च व्हावी हा कृष्णाचा कावा आहे. अस्त्रास जेव्हा असे मोल असते, तेव्हाच ते कथेत शोभते. उत्तरार्धात हे भान अगदीच सुटले आहे, असे मात्र म्हणता येणार नाही. दान्झो एकेक डोळा गमावून मृत्यू चुकवितो, तेव्हा सास्के त्यास एवढाच भ्रम घालतो की अजून एक डोळा उघडा आहे. दान्झो त्या हिशेबात चुकतो आणि मरतो. तो प्रसंग पूर्वार्धाच्या तोडीचा आहे.

दंडीने ‘काव्यादर्शा’त म्हटले आहे की, प्रतिनायकाचे कुल, पराक्रम, विद्या यांचे वर्णन करून मग नायकाने त्यास जिंकल्याचे सांगितल्याने नायकाचा उत्कर्ष वाढतो. ही कल्पना शत्रूस लागू पडते. पण शत्रू आणि प्रतिस्पर्धी यांत भेद आहे. शत्रूविषयी निंजास माहिती असते, ती त्यास मारण्यापुरती. प्रतिस्पर्ध्यास तो ओळखतो. गेन्नोसुके आणि ओबोरो यांच्यात आरंभापासूनच गुपित नाही. तिची दृष्टी त्याच्या दृष्टीस शून्य करते, हे दोघेही जाणतात. म्हणजे वीस जणांत हीच एक जोडी अशी आहे की जिला एकमेकांविरुद्ध डावच नाही. इतरांच्या हाती जे ज्ञान शस्त्र होते, ते या दोघांमध्ये शस्त्र होऊ शकत नाही. म्हणून ओबोरो सात रात्री अंधत्व आणणारे औषध स्वतःच्या डोळ्यांत घालते. यास दौर्बल्य म्हणण्याचा प्रघात आहे. मला ती संपूर्ण मालिकेतील एकमेव स्वतंत्र कृती वाटते. शेवटी द्वंद्व उभे राहते तेव्हा ती स्वतःवर शस्त्र चालविते. गेन्नोसुके गुंडाळीवर इगाचा विजय लिहितो आणि स्वतःही प्राण देतो. ज्या ताकेचियोसाठी हे घडले, तो इएमित्सु या नावाने १६२३ मध्ये शोगुन झाला.

नारुतो आणि सास्के यांची अंत्य दरीतील पहिली लढत सास्के जिंकतो, पण त्याच्या कपाळपट्टीवर नारुतोने ओढलेला एक ओरखडा राहतो. त्याच दरीतील शेवटच्या लढतीत आधी महाकाय आकृती एकमेकींवर आदळतात. तो भाग वेगाने पाहून सोडला तरी चालेल. त्यानंतर दोघांचेही चक्र संपते आणि उरतात दोन थकलेली मुले, केवळ मुठींनी भांडणारी. एकाचा ठोसा कोठून येणार हे दुसऱ्यास ठाऊक आहे, तरी तो चुकवीत नाही. अखेरीस ज्या दोन विद्या त्यांनी बाराव्या-तेराव्या वर्षी एकमेकांवर रोखल्या होत्या, त्याच पुन्हा भिडतात; नारुतोचा उजवा हात जातो, सास्केचा डावा. सकाळी दोघे शेजारी शेजारी रक्तात पडलेले असतात, उठण्याचे त्राण कोणातच नसते, आणि सास्के म्हणतो की आपण हरलो. कोणत्या गणिताने तो हरला, हे त्या यादी करणाऱ्यांनी सांगावे.