कुरकुरीत, खुसखुशीत, चुरचुरीत : ‘अनुकरणवाचक’ या संज्ञेची मर्यादा

मराठीच्या शालेय व स्पर्धापरीक्षांच्या व्याकरणपुस्तकांत अभ्यस्त शब्दांचे तीन प्रकार सांगितले जातात : पूर्णाभ्यस्त, अंशाभ्यस्त आणि अनुकरणवाचक. तिसऱ्या प्रकारात गडगडाट, कडकडाट, किरकिर यांच्याच पंक्तीला गुटगुटीत हा शब्द बसविलेला असतो. गडगडाट हे ध्वनीचे अनुकरण आहे, हे मान्यच आहे. परंतु गुटगुटीत बाळ कोणता ध्वनी करते? लुसलुशीत पुरणपोळीचा आवाज कोणी ऐकला आहे? प्रस्तुत लेखात खाद्यपदार्थांचा पोत सांगणाऱ्या विशेषणांच्या आधारे या वर्गीकरणाची तपासणी करावयाची आहे. उदाहरणे मुख्यतः धाराशिव (2023 पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यातील स्वयंपाकघराशी निगडित आहेत.

आरंभ भाकरीपासून करणे सयुक्तिक ठरेल. ताजी मऊ भाकरी दुधात ‘कुस्करतात’. सोलापूर-धाराशिव पट्ट्यात पातळ थापून मंद आचेवर पूर्ण वाळविलेली कडक भाकरी मात्र आमटीत ‘चुरतात’. धान्य तेच, पीठ तेच, हातही तोच. तरी क्रियापद बदलते, कारण पदार्थ मोडण्याची रीत बदललेली असते. या कडक भाकरीला कोणी खुसखुशीत म्हणणार नाही. खुसखुशीतपणासाठी मोहन लागते. करंजी किंवा शंकरपाळ्याच्या पिठात कडकडीत तेल-तूप घातले म्हणजे पिठाचे कण स्निग्धतेने वेढले जातात, गव्हातील ग्लुटेनचे लांब धागे तयार होत नाहीत आणि घास दाताखाली आवाज न करता विरघळल्यासारखा मोडतो. ज्वारीत ग्लुटेन नसतेच. तिचा कडकपणा केवळ पातळपणाचा आणि कोरडेपणाचा आहे. म्हणजे कुरकुरीत चकली ऐकू येते, खुसखुशीत करंजी जवळजवळ मुकी असते. दोन्ही शब्द ‘अनुकरणवाचक’ या एकाच कप्प्यात टाकल्याने हा भेद पुसला जातो.

जपानी भाषेच्या अभ्यासकांनी ही अडचण फार पूर्वी ओळखली. तेथे प्रत्यक्ष ध्वनीचे अनुकरण करणाऱ्या शब्दांना ‘गिओंगो’ आणि स्थिती वा स्पर्श ध्वनिरूपाने सुचविणाऱ्या शब्दांना ‘गिताइगो’ अशा स्वतंत्र संज्ञा आहेत. खाद्यपोताच्या जपानी शब्दांचे 2013 मध्ये प्रसिद्ध झालेले एक वर्गीकरण 445 शब्दांचे आहे आणि त्यांत अशा ध्वनिसूचक शब्दांचा वाटा मोठा आहे. हलक्या बिस्किटाला ‘साकुसाकु’, समुद्रशेवाळाच्या पातळ पापुद्र्याला ‘पारिपारि’, कठीण व खरपूस पदार्थाला ‘कारिकारि’, ताज्या कच्च्या भाजीला ‘शाकिशाकि’. ‘कारिकारि’चे ‘गारिगारि’ झाले की पदार्थ अधिक कठीण व जड होतो. अघोष व्यंजनाच्या जागी घोष व्यंजन आले, एवढाच बदल.

मराठीत असे काही आहे काय? आहे, पण ते स्वरांत आहे. खळखळ आणि खुळखुळ, कडकडीत आणि कुडकुडीत, खडखड आणि खुडखुड, करकर आणि कुरकुर या जोड्या शेजारी ठेवून पाहाव्यात. ‘अ’कारी रूप मोठ्या, जड, रुंद वस्तूचे, ‘उ’कारी रूप लहान व हलक्या वस्तूचे. नदी खळखळते, खुळखुळा खुळखुळतो. कोरी नोट करकरीत, चकली कुरकुरीत. सर्वच शब्द या नियमात बसतात असा दावा येथे नाही. थंडीने कुडकुडणे हे दातांच्या आवाजावरून शरीराच्या कंपाकडे गेलेले दिसते आणि कडकडीत उपासात तर काहीच वाजत नाही. तरीही ही रचना योगायोगाची म्हणता येणार नाही आणि आपल्या व्याकरणपुस्तकांनी तिची दखल घेऊ नये, ही खेदाची बाब आहे. मरे एमेनो यांनी 1969 मध्येच असे शब्द हे आर्य व द्राविड भाषांना जोडणारे भारतीय उपखंडाचे समान लक्षण असल्याचे दाखविले होते. कर्नाटक सीमेलगतच्या या जिल्ह्यात तरी त्या विचाराचा पाठपुरावा व्हावयास हवा होता.

आणखी एक भेद दुर्लक्षित राहिला आहे. ‘-ईत’ प्रत्ययान्त रूप पदार्थाचा गुण सांगते, तर क्रियाविशेषण खाणाऱ्याची कृती सांगते. फुटाणे कुडुमकुडुम खाल्ले जातात, कच्चा मुळा कराकरा चावला जातो; परंतु मुळ्याला आपण सहसा कुरकुरीत म्हणत नाही. जपानी ‘शाकिशाकि’ला मराठी विशेषण शोधू पाहणाऱ्या अनुवादकाची येथे कोंडी होते. त्याने विशेषण सोडून क्रियाविशेषणाकडे वळावे, हाच त्यावरचा मार्ग आहे.

कोशांविषयीही तक्रार आहे. कुरकुरीत म्हणजे खुसखुशीत आणि खुसखुशीत म्हणजे कुरकुरीत, अशा पर्यायशब्दांनी अर्थ दिला की वाचक वर्तुळात फिरत राहतो. पोताच्या शब्दाचा अर्थ त्याच्या विरोधी शब्दाशिवाय उलगडत नाही. पावसाळ्यात डब्याचे झाकण नीट लागले नाही तर नागपंचमीच्या लाह्या ‘सादळतात’ : हवेतील बाष्प शोषल्याने पिष्टमय पदार्थाचा काचेसारखा ठिसूळपणा जातो. भाकरी शिळी झाली तर ती सादळत नाही, ‘वातड’ होते, म्हणजे तुटण्याऐवजी ताणली जाते. आणि मराठवाड्यातील ‘सुशीला’ या पदार्थात चुरमुरे मुद्दाम भिजवून फोडणीला टाकतात. तेथे मऊपणा हा दोष नसून पाककृतीचा हेतू आहे. चुरमुऱ्याचे नाव मात्र भिजल्यावरही पूर्वीचा आवाज सांगतच राहते.

आज चिवडा, चकली, भाजणी यांच्या पाकिटांवर देवनागरीत ‘क्रिस्पी’ हा एकच शब्द सर्रास छापलेला आढळतो. परक्या शब्दाला विरोध म्हणून हे लिहिलेले नाही. ‘टोस्ट’ आपण केव्हाच आपलासा केला आहे. आक्षेप एवढाच की चकली, करंजी आणि कडक भाकरी या तिघींना तो एकच शब्द लावला की यांतील कोणती तेलाने मोडते, कोणती कोरडेपणाने आणि कोणती उघडी राहिली तर संध्याकाळपर्यंत सादळेल, हे घेणाऱ्याला त्यावरून कळत नाही.